इवाईंची दोन तुकड्यांची काठी

नागपुरात न सापडणाऱ्या माशासाठी नागपुरात न मिळणारी काठी शोधत भर उन्हात फिरणारा माणूस साऱ्या विदर्भात एकच आहे, आणि नशिबाने म्हणा की माझ्या मुलीच्या पसंतीने म्हणा, तो माझा इवाई आहे. पुण्या-मुंबईकडे ज्याला व्याही म्हणतात त्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि त्याच्या बायकोला ईन. मीही अर्थात त्यांचा इवाईच. व्याही हा शब्द कसा इस्त्रीचा सदरा घालून सोफ्यावर बसल्यासारखा वाटतो. इवाई म्हटलं की माणूस फाटकापासूनच हाका मारत येतो. आमचे इवाई तर फाटक दिसायच्याही आधीपासून मारतात. माझं घर वाडीला, अमरावती रोडच्या जरा आत. चारी बाजूंना ट्रान्सपोर्टची गोदामं आणि दिवसभर मागेपुढे होणारे ट्रक. त्या सगळ्या हॉर्नांच्या कल्लोळातून इवाईंची हाक वेगळी ओळखू येते. "इवाई! हाय काय जी घरी? भेटली! काठी भेटली!" गेल्या दीड वर्षात ही काठी निदान पंधरा वेळा भेटली असेल, आणि प्रत्येक वेळी ती भेटल्याचा आनंद पहिल्या खेपेइतकाच ताजा होता.

इवाईंना कुठलीही गोष्ट शांतपणे सांगता येत नाही. नळाला पाणी आलं हेसुद्धा ते निवडणुकीचा निकाल लागल्यासारखं सांगतात. वाक्य नेहमी मधूनच सुरू करतात, कारण सुरुवातीचा भाग त्यांनी स्कूटरवर येता येता स्वतःशी बोलून संपवलेला असतो. अंगाने वाळलेल्या शेंगेसारखे, गळ्यात बारमाही दुपट्टा, आणि खुर्चीशी जन्माचं वैर. चहा देखील उभ्यानेच पितात, आणि पिता पिता घरातल्या वस्तूंना हात लावत फिरतात. पडद्याचं कापड चिमटीत धरून पाहतील, सोफ्याची उशी दाबून पाहतील, ताटातली पोळी तुकडा मोडण्याआधी दोन बोटांत चोळून पाहतील. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा सगळी मंडळी बैठकीत बसली होती आणि मुलाचे वडील काही दिसेनात. शोधायला गेलो तर स्वयंपाकघरात, तुरीच्या दाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभे. माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, रागावू नका, पण हे दाळ मागच्या सालची हाय, अन् दुकानदारानं यात दुसरी मिसळली हाय. दोन मुठीत सांगतो." बायको दोन दिवस फणफणत होती. तिसऱ्या दिवशी तिने दुकान बदललं, आणि मुलगा चांगल्या घरातला दिसतो असं मला सांगितलं.

तो हात म्हणजे काय होता, हे कळमन्याला गेल्याशिवाय कळायचं नाही. तिथल्या धान्य बाजारात एका अडत्याकडे इवाईंनी तीस-बत्तीस वर्षं माल पारखायचं काम केलं. बाकीचे लोक पोत्यात नळी खुपसून नमुना काढत, यंत्रावर ओल मोजत. इवाई नुसता हात घालत. मूठ वर आणून अंगठ्याने दोन दाणे बोटांवर फिरवत आणि सांगत, हा हरभरा परवा पाण्यात सापडला, हा बांधावरच्या शेतातला, याला अजून दोन उन्हं द्या. यंत्र मागाहून तेच सांगायचं. सावनेरकडून, काटोलकडून आलेले शेतकरी आधी इवाईंच्या तोंडाकडे बघत आणि मग काट्याकडे. हा माणूस मालकाचा नोकर असूनही खोटं सांगणार नाही, अशी त्यांची खात्री होती, आणि ती खात्री इवाईंना पगारापेक्षा प्यारी होती.

मग त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. मानेतली नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. व्यायाम सांगितले, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही हेही सांगितलं. इवाईंनी कोणाला कळू दिलं नाही. आणि एके दिवशी त्यांनी तुरीचा एक माल सुका म्हणून पास केला, तो गोदामात आतल्या आत तापला आणि वास सुटला. मालक काही बोलला नाही, उलट असं होतं कधीकधी, म्हणाला. इवाईच उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आज माह्या बोटानं खोटं सांगतलं." दुपट्टा झटकला आणि घरी आले. पुन्हा त्या बाजारात पाऊल टाकलं नाही. त्यानंतरचे तीन-चार महिने आमच्या फाटकाशी हाक आली नाही. ट्रकांचे हॉर्न मात्र रोज ऐकू येत होते आणि मला ते फार एकटे वाटत होते.

त्यांना उठवून बसवलं ते अमेरिकेने. मुलाने दिलेल्या मोबाइलवर त्यांना एक व्हिडिओ दिसला. कुठल्याशा तळ्यात एक टोपीवाला गोरा माणूस होडीत उभा राहून बारीकशा काठीने बास नावाचा मासा धरत होता. इवाईंना इंग्रजी येत नाही, पण मोबाइल खाली मराठी अक्षरं दाखवतो. त्या अक्षरांत असं आलं की या काठीने पाण्याच्या तळाशी माशाने आमिषावर सोडलेला श्वाससुद्धा हाताला कळतो. इवाई ताडकन उठले. त्याच पावली वाडीला आले. "इवाई, श्वास! माशाचा श्वास जी! बोटं आंधळी असली तं असू दे, काठीले डोळे हायेत!" चार महिन्यांनी हाक ऐकून मला इतका आनंद झाला की बास हा मासा आपल्याकडे नसतो, हे माझ्यासारख्या भूगोलाच्या निवृत्त मास्तराने त्या क्षणी सांगितलं नाही. चार दिवसांनी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "नसंन. आपल्या तलावात मरळ हाय न? मरळ आपली बासच समजा. फक्त तिले कोनं व्हिडिओत नाई घेतलं."

या प्रकाराला फिनेस म्हणतात. म्हणजे मोठा गळ, जाड दोरी, धपकन फेकणं असलं काही नाही. बारीक काठी, केसासारखी दोरी, दोन बोटांएवढी रबरी अळी, आणि ती तळाशी हळूहळू सरकवत नेताना मुठीत येणाऱ्या बारीकसारीक टकटकीवरून ओळखायचं की हा दगड, हे शेवाळ, आणि ही मरळ. इवाईंच्या मते हे काम म्हणजे पाण्याखालच्या पोत्यात हात घालणं. ईनबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना अडवलं. आमची दोन्ही घरं विहारात जाणारी, सकाळी वंदना म्हणणारी. "अवो, रोज पंचशील घेता, जीवहिंसा करणार नाई म्हणता, अन् मासे धराले चालले?" इवाईंकडे उत्तर तयार होतं. तो गोरा माणूससुद्धा मासा धरून, त्याच्याकडे कौतुकाने बघून परत पाण्यात सोडत होता. "मारत नाई वं. भेट घेतो अन् सोडून देतो." "भेट घ्याले त्याच्या तोंडात गरी कायले घालता?" इवाई तडक काठी शोधायला बाहेर पडले.

काठी दोन तुकड्यांचीच का हवी, याचं कारण मी आहे. म्हणजे त्यांच्या स्कूटरवर मागे बसलेला मी. ओळखीतल्या कुणाकडून त्यांनी सुरुवातीला एक अखंड, साडेसहा फुटी काठी मागून आणली आणि ती घेऊन आम्ही तलावाकडे निघालो. ती आडवी धरली तर शेजारून जाणाऱ्याच्या बरगड्यांत जाई, म्हणून मी ती उभी धरून बसलो. पहिल्या सिग्नलला एकाने विचारलं, "कोणत्या पार्टीचे जी? झेंडा कुठं हाय?" दुसऱ्या सिग्नलला काठीच्या कड्यांत वाढदिवसाच्या बॅनरची दोरी अडकली आणि कुण्या युवा नेत्याचा हसरा चेहरा अर्धा रस्ता आमच्यामागे उडत आला. लोक हात दाखवून राहिले होते आणि इवाई त्या सगळ्यांना हात करून राहिले होते. घरी आल्यावर मी हात जोडले. इवाईंनीही मान्य केलं की काठी मधोमध सुटी होणारी पाहिजे, दोन तुकडे पिशवीत मावणारे. पण तिथेच त्यांना नवी काळजी लागली. जोडावर निरोप अडकला तर? माशाने खाली टकटक केली, ती टोकापासून निघाली आणि सांध्याशी येऊन थांबली, तर मुठीला काय कळणार? तेव्हापासून त्यांना हवी असलेली काठी अशी होती: दोन तुकड्यांची, पण जोड आहे हे काठीला स्वतःलाही ठाऊक नसावं. कार्बनची, वजनाला पिसासारखी, टोकाकडे चटकन वाकणारी आणि मुठीकडे ताठ.

इतवारीतल्या एका गल्लीत मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. तिथे आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस मी विसरणार नाही, कारण त्या दिवशी मी खोटं बोललो. दुकानदाराने दोन तुकड्यांच्या तीन काठ्या काढून ठेवल्या. इवाईंनी प्रत्येकीचा जोड उघडला, लावला, वास घेतला, डोळ्यासमोर धरून कड्या एका रांगेत येतात का पाहिलं, बोटावर आडवी ठेवून तोल पाहिला. मग खरी परीक्षा. ती त्यांनी व्हिडिओतूनच उचलली होती. एकाने डोळे मिटून मूठ हलकी धरायची, दुसऱ्याने काठीचं टोक आपल्या कंठाला लावून बोलायचं. काठी खरी असेल तर बोलणाऱ्याच्या घशातली थरथर मुठीपर्यंत पोचते. टोक अर्थात माझ्या वाट्याला आलं. दुकानाच्या दोन टोकांना आम्ही दोघे, मध्ये साडेसहा फूट काठी, आणि काय बोलावं ते न सुचून मी पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या सांगायला लागलो. नर्मदा, तापी. इवाई डोळे मिटून उभे. दुसरी काठी. पुन्हा नर्मदा, तापी, साबरमती. तिसरी काठी. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं ज्ञान घेऊन गेली. इवाईंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आता तुमी मूठ धरा. पाहू तुमाले काय वाटते."

मी मूठ धरली. टोकाशी दुकानदार उभा राहिला. आधीच वैतागलेला, तो कंठाला काठी लावून म्हणाला, "काकाजी, लेना है तो लो, मेरा गला क्यों नाप रहे हो?" आणि मला त्यातला शब्द न् शब्द तळहातात लागला. 'गला' म्हणताना घशातून आलेली घरघर तर बसच्या खिडकीला डोकं टेकल्यासारखी स्पष्ट आली. तिन्ही काठ्यांतून आली. मी डोळे उघडले. समोर इवाई होते, बधिर बोटं दुसऱ्या हाताने चोळत, परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोराच्या चेहऱ्याने. मी म्हणालो, "नाही बुवा. मलाही काही लागलं नाही."

मी असं का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्यात हुंडा नाही, मानपान नाही. आमच्या मुलांचं लग्न झालं तेव्हा आम्ही दोघे बाप एकाच सतरंजीवर शेजारी बसलो होतो आणि त्याचं मला भाषणात सांगण्याइतकं कौतुक होतं. पण हाडात जुनं काही शिल्लक असतं. जे मुलाच्या बापाला लागलं नाही ते मुलीच्या बापाला कसं लागावं, असं काहीतरी माझ्या जिभेने परस्पर ठरवून टाकलं. हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे मला त्या चेहऱ्यासमोर 'लागलं' हा शब्द उच्चारता आला नाही. मला हा माणूस आवडतो, इतकी सरळ गोष्ट आहे. इवाईंनी मात्र टाळी वाजवली. "पाहा! म्हनजे बोटं ठीक हायेत, काठ्याच मुक्या हायेत!" आणि आम्ही दुकानाबाहेर पडलो.

एका शब्दाने केवढं काम वाढवून ठेवावं याला सीमा असते. त्यानंतर आम्ही शहरातलं एक दुकान सोडलं नाही. ज्याच्याकडे म्हणून काठी आहे त्याच्या घरी गेलो. प्रत्येक ठिकाणी जोड लावला, टोक कंठाला लावलं, आणि मी प्रत्येक ठिकाणी नाही म्हणालो, कारण एकदा नाही म्हटल्यावर माणसाला हो म्हणायचं ठिकाणच उरत नाही. माझ्या गळ्यावर टोकाचा एक लाल ठिपका कायमचा पडला. बायको म्हणाली, गळ्याचा काही आजार आहे का ते दाखवून घ्या. इवाईंच्या घरी तर परीक्षा रोजची झाली. उसनी आणलेली एखादी काठी घेऊन ते बसत आणि टोकाशी ईनबाईंना उभं करत. ईनबाईंनी एक दिवस ठरवलं आणि टोक कंठाला लावून लग्न झाल्यापासूनचं सगळं बोलून घेतलं. कुठल्या लग्नात कुठलं लुगडं देतो म्हणून दिलं नाही, तिथपासून. पाऊण तास झाला. इवाई डोळे मिटून बसले होते. शेवटी म्हणाले, "मुठीत काईच नाई आलं वं." "कानात तं आलं न?" ईनबाई म्हणाल्या. "बस. झालं."

गंमत इथपर्यंत होती. पण एके सकाळी ईनबाई एकट्याच आमच्याकडे आल्या. त्या कधी एकट्या येत नाहीत. म्हणाल्या, "इवाई, एक विचारू काय? यायनं मानेचा व्यायाम सोडून देला. दोन महिने झाले. डॉक्टरकडे जात नाईत. मी म्हनलं काहून, तं म्हनतात बोटाले काई नाई झालं, इवाईलेबी तेवढंच लागते जेवढं मले लागते. तुमाले खरंच काई लागत नाई काय जी?" मी चहाच्या कपात बघत राहिलो. चहा संपला तरी बघत राहिलो. ईनबाई शहाण्या आहेत. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या गेल्यावर बायकोने मला विचारलं, काय झालं, आणि मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही जन्मभर पोरांना खोटं बोलल्यावर पट्टी मारली, आता स्वतःच्या हातावर मारा." मी उद्या सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी इवाईच आले, फाटकापासून हाका मारत. काठी भेटली होती.

या वेळी खरोखरच भेटली होती. दूरवरून मागवलेली, कुरिअरने आलेली, दोन तुकड्यांची. ईनबाईंनी जुन्या चादरीची शिवलेली पिशवी, तिच्यातून त्यांनी ती अशी काढली की मी नकळत उभा राहिलो. राखी-काळा रंग, कॉर्कची मूठ, उचलली तर हातात काही आहे की नाही अशी शंका यावी. जोड लावताना 'टक' असा बारीक आवाज झाला आणि सांधा कुठे आहे ते दिसेना. इवाईंचे डोळे पाण्याने भरले. "इवाई, हे तं एकाच पोटातून निघाल्यासारखी हाय." त्यांनी परीक्षा घेतली नाही. इतकी सुंदर वस्तू समोर असताना परीक्षा घ्यायची त्यांची हिंमत झाली नसावी. "सीधं पान्यातच पाहू," म्हणाले. मी त्या दिवशी सांगणार होतो ते घशातच राहिलं, त्या लाल ठिपक्याच्या आत.

रविवारी सकाळी आम्ही सावनेरकडच्या एका तलावावर गेलो. गावच्या मासेमार सोसायटीकडून इवाईंनी रीतसर परवानगी काढली होती. धरून सोडून देणार म्हटल्यावर तिथल्या म्हाताऱ्याने हातातलं जाळं खाली ठेवलं होतं. "सोडाचेच हायेत तं धरता कायले?" त्याने विचारलं. जाणारा-येणारा प्रत्येक जण इवाईंना हेच विचारतो. कडेला शेवाळाची रांग होती. इवाईंनी रबरी अळी तिच्या काठाशी अशी अलगद टाकली की पाण्याला कळलं नसेल. मग दोरी ताणून धरली, डोळे मिटले, आणि अळी हळूहळू सरकवू लागले. तासभर. दोन तास. प्रत्येक पाच मिनिटांनी मी विचारायचो आणि ते म्हणायचे, "आता लागल्यासारखं वाटून राहिलं." दोनदा मी दोरी हललेली डोळ्यांनी पाहिली आणि इवाईंच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. शेवटी ते म्हणाले, "धरा जरा, पानी पितो."

मी मूठ धरली. ते बाटलीचं बूच फिरवत होते. आणि माझ्या तळहातात कोणीतरी नखाने दारावर वाजवावं तसं वाजलं. टक. टक. मग एक जड, सावकाश ओढ. आयुष्यात मला असं काही कळलं नव्हतं. ते पाण्याखाली होतं, मला दिसत नव्हतं, आणि तरी ते जिवंत आहे हे माझ्या हाताला पक्कं ठाऊक होतं. मी सगळं विसरलो. मुलीचा बाप असल्याचं, मास्तर असल्याचं, खोटारडा असल्याचं. "लागला!" मी ओरडलो. "इवाई, टकटक झाली! दोनदा! आता ओढून राहिला!" नागपूरला जन्म जाऊनही शाळेत मी ही नागपुरी बोली कटाक्षाने टाळली होती, ती त्या दिवशी आपोआप तोंडातून आली. काठी टोकापाशी कमानीसारखी वाकली. दहा मिनिटांनी हातभर लांबीची काळसर मरळ आमच्या पायाशी ओल्या गवतावर होती आणि मी लहान पोरासारखा नाचत होतो.

मग मी इवाईंकडे बघितलं. बाटली त्यांच्या हातात तशीच होती, बूच उघडलेलं.

"तुमाले लागलं," ते म्हणाले.

"हो."

"चांगलं लागलं."

"हो, इवाई. दुकानातही लागलं होतं. पहिल्या दिवशी. सगळ्या काठ्यांतून लागलं होतं." मला वाटलं आता हा माणूस दुपट्टा झटकेल आणि चालू पडेल, कळमन्यातून चालू पडला तसा. इवाईंनी आधी मरळ दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडली. ती जरा वेळ काठाशी थांबली, मग शेपटी मारून गेली. मग ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "मी तीस साल लोकायचे चेहरे पाहून माल घेतला जी. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल अन् खाली ओला ठेवनारा मानूस मले दुरूनच दिसे. तुमी दुकानात नाई म्हनलं, तवाच मले समजलं."

"मग बोलला नाहीत?"

"कायले बोलू? मले बी ते खोटं पायजेच होतं."

हे ते इतकं हळू म्हणाले की इवाईंच्या तोंडून हळू आलेलं हे एकमेव वाक्य म्हणून मी ते जपून ठेवलं आहे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पण इवाईंना फार वेळ दुःखी राहता येत नाही, त्यांच्या शरीराला ते मानवत नाही. अर्ध्या मिनिटात ते ताठ झाले. "म्हनजे काठी चांगली हाय!" ते ओरडले. "इवाई, काठी चांगली हाय! जोडातून निरोप आला! सांगा, कसा आला? पयले काय लागलं? हलकं का जड? सुक्या हरभऱ्यावानी का भिजल्या हरभऱ्यावानी?" मी आठवून सांगू लागलो. पहिले दोन ठोके टणक होते, सुक्या दाण्यासारखे. ओढ मात्र ओली होती, भिजलेल्या पोत्यासारखी. इवाई डोळे मिटून ऐकत होते, उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरवत. "मरळच ते," म्हणाले. "टिलापिया असता तं नुस्ते सुके ठोके देल्ले असते."

तेव्हापासून आमचं असं चाललं आहे. इवाईंनी व्यायाम पुन्हा सुरू केला. डॉक्टर म्हणाले, मधले महिने गेले ते गेले. मधल्या बोटात थोडी जाणीव आली आहे असं वाटतं, अंगठा अजून तसाच आहे. ते महिने माझ्या नावावर आहेत, आणि इवाईंनी कधी बोलून दाखवलं नाही तरी त्यांच्या अंगठ्याकडे बघताना मला ते आठवतात. रविवारी आम्ही तलावावर जातो. मूठ माझ्या हातात असते. इवाई शेजारी बसून कुठे टाकायची, किती हळू सरकवायची ते सांगतात, आणि मी हाताला जे लागेल ते दाण्यांच्या भाषेत त्यांना सांगतो. हलका मूग. दगड. पुन्हा दगड. फुटाणा. ते निदान करतात आणि चुकत नाहीत. हल्ली तर मी तोंड उघडायच्या आधीच ते माझ्या चेहऱ्याकडे बघून "लागला, ओढा!" म्हणतात, आणि तेव्हाच माझ्या हाताला कळतं की हो, लागला.

परवा तीन मरळी मिळाल्या, तिन्ही सोडल्या. परतताना इवाईंनी जोड उघडला, दोन्ही तुकडे दुपट्ट्याने पुसून पिशवीत घातले आणि आम्ही कळमन्यावरून त्यांच्या घरी गेलो. बाजाराच्या फाटकासमोरून जाताना त्यांनी स्कूटर जरा हळू केली, थांबवली नाही. घरात पाऊल टाकायच्या आधीच दारातून हाक. "ऐकलं काय वं! आज तीन धरले!"

"कोनं धरले?" ईनबाईंनी आतून विचारलं.

"मीच. इवाईनं नुस्ती काठी धरली होती."

ईनबाई बाहेर आल्या आणि खरं काय ते ऐकायला माझ्याकडे बघू लागल्या. इवाईही बघत होते, माझ्या चेहऱ्याकडे, माल बघावा तसे. मी म्हणालो, "हो ईनबाई. मी नुसती काठी धरली होती." आणि या खेपेला मी खोटं बोललो नव्हतो.